वेल चढवा, पण हाताला येईल इतकाच : इंदूरच्या घरबागेसाठी

पावसाळ्यात सुदामा नगर, वैशाली नगर किंवा लोकमान्य नगरच्या गल्ल्यांतून चक्कर मारली की किती तरी घरांवर गिलक्याचे नाहीतर दुधीचे वेल चढलेले दिसतात. पानं टवटवीत, फुलं भरपूर, पण घरच्यांना विचारावं तर भाजीला म्हणावं तसं काही निघत नाही. याचं कारण बहुतेक घरी एकच असतं, वेल हाताबाहेर गेलेला असतो. तो वरच्या मजल्याच्या ग्रिलवर किंवा शेजारच्या आंब्यावर पोचलेला असतो. तिथे मादी फूल उमललं तरी कळत नाही, फळमाशी बसली तरी दिसत नाही, आणि फळ नजरेस पडतं तेव्हा आतल्या बिया टणक झालेल्या असतात.

मी गच्चीवर आणि मागच्या अंगणात वेलभाज्या लावते, आणि ओळखीतलं कुणी नव्याने सुरू करत असेल तर पहिली गोष्ट हीच सांगते. वेल उभा वाढवला की जागा वाचते हे खरंच आहे. पण त्याहून मोठा फायदा असा की प्रत्येक फूल, प्रत्येक फळ डोळ्यांसमोर आणि हाताशी राहतं. तो फायदा घालवून बसू नका. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

1. आधी ऊन बघा

वेलभाज्यांना दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन लागतं. यात तडजोड नाही. जागा ठरवण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला गच्चीवर जाऊन ऊन कुठे पडतंय ते खडूने आखून ठेवा.

इथे एक गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच दक्षिणेला आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि भिंतींची सावली पायाशी राहते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारीसुद्धा भिंतीच्या उंचीइतकीच लांब सावली उत्तरेकडे पडते. म्हणजे पावसाळ्यात गिलक्याला छान ऊन देणारा कोपरा हिवाळ्यात मटारासाठी अंधारा ठरू शकतो. दक्षिणेला शेजाऱ्याची तीन मजली इमारत असेल तर हे आधीच धरून चाला.

ताटी, म्हणजे वेल चढवायचा बांबू-जाळीचा उभा सांगाडा, शक्यतो उत्तर-दक्षिण लांबीत उभी करा, म्हणजे सकाळचं ऊन एका बाजूला आणि संध्याकाळचं दुसऱ्या बाजूला मिळतं. समोर कोथिंबीर, मेथी अशी बुटकी झाडं लावायची असतील तर ताटी त्यांच्या उत्तरेला ठेवा. भिंतीला लागून जाळी लावणार असाल तर मध्ये वीतभर अंतर सोडाच. वारा खेळला नाही की पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी येते, आणि मे महिन्यात तापलेली भिंत वेलाला भाजून काढते.

2. कोणता वेल, कोणत्या महिन्यात

पहिल्या वर्षी दोनच वेल लावा. जूनअखेर पहिला चांगला पाऊस झाला की एक गिलक्याचा आणि एक वालाचा, ज्याला इथे सगळे बालोर म्हणतात. दोन्ही दणकट आहेत आणि थोडं दुर्लक्ष सहन करतात. बालोर मात्र धीर बघते. तिच्या बऱ्याच देशी जाती दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलतच नाहीत. जुलैत लावलेली ऑक्टोबरपर्यंत नुसती पानं दाखवत राहिली म्हणून उपटून टाकू नका.

गिलकी, दोडका, दुधी, कारलं, काकडी यांचे आपल्याकडे दोन हंगाम. एक फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, दुसरा जूनअखेर ते जुलै. जानेवारीत घाई करू नका. माळव्यातल्या रात्री तेव्हा गार असतात आणि गार मातीत ही बी रुजण्याऐवजी कुजते. उशीरही नको. एप्रिलमध्ये लावलेला वेल नेमका चाळीस अंशांत फुलोऱ्यावर येतो आणि त्या उष्णतेत नर फुलंच जास्त लागतात. मटार ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. तोंडली बियांपासून नको, ओळखीच्या घरून पेन्सिलीएवढी जाड काडी आणून फेब्रुवारीत किंवा पावसाळ्यात खोचा. एकदा धरली की वर्षानुवर्षं राहते.

बियांच्या दुकानात हिंदी नावं सांगावी लागतात : दुधीला लौकी, दोडक्याला तुरई, तोंडलीला कुंदरू, कारल्याला करेला. पाकिटावरची तारीख वाचा. काकडी घेताना ती पॉलिहाऊसची, परागीकरणाशिवाय फळणारी जात आहे की साधी, हे विचारून घ्या. बाल्कनीत मधमाश्या येत नसतील तर पहिली चांगली.

3. काय काय लागेल

- सात ते आठ फुटी (अंगणात पुरायचे असतील तर नऊ फुटी) बांबू किंवा पाऊण इंची लोखंडी पाइप : एका ताटीला दोन उभे, एक आडवा
- वेलाची नायलॉन जाळी, भोकं पाच-सहा इंचांची
- गॅल्व्हनाइज्ड तार, पक्कड, सुतळी
- जुन्या सुती साडीच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या
- कुंड्या, ड्रम किंवा ग्रोबॅग
- शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, निंबोळी पेंड, नीम तेल
- वेलवर्गीय भाज्यांचा फळमाशी सापळा
- बारीक मऊ ब्रश, वर्तमानपत्र, स्टेपलर

जाळी घेताना हाताचा पंजा आरपार जातो का ते बघा. बारीक भोकांची हिरवी जाळी स्वस्त मिळते, पण काकडी त्यात अडकते, वाढते आणि मग कापल्याशिवाय निघत नाही.

फ्लॅटमध्ये किंवा भाड्याच्या घरात असाल तर सामान आणण्याआधी सोसायटीकडून किंवा घरमालकाकडून गच्चीची परवानगी लेखी घ्या. चार ओळींचं पत्र पुरतं. वेल भरात आल्यावर कुणी हटवायला सांगितलं तर तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

4. ताटी उभी करणं

बी नंतर, ताटी आधी. वेल वाढल्यावर शेजारी बांबू ठोकायला गेलं की मुळं तुटतात.

उंची किती? भिंतीला टेकून उभे राहा, हात वर करा, बोटं पोचतात तिथे खूण करा. ताटी तितकीच. बहुतेकांसाठी ती साडेसहा ते सात फुटांच्या आत येते. घरात सासूबाई भाजी तोडणार असतील तर त्यांच्या हाताची उंची धरा. दुधीसाठी डोक्यावर मांडव घालायचा असेल तर तोही इतकाच उंच, म्हणजे खाली उभं राहून फळ चाचपता येतं.

अंगणात काळी माती असेल तर नीट लक्ष द्या. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसता खोचलेला बांबू जुलैत घट्ट वाटतो आणि एप्रिलमध्ये डुलायला लागतो. दोन फूट खोल खड्डा घ्या, तळाला विटांचे तुकडे आणि मुरूम ठोकून भरा, मग खांब उभा करा. बांबूच्या जमिनीतल्या भागाला डांबर लावलं तर तो लवकर कुजत नाही.

गच्चीवर स्लॅबला कधीही भोक पाडू नका, पुढच्या पावसाळ्यात खालच्या खोलीत ओल उतरते. खांब जुन्या डब्यात काँक्रीट भरून उभे करा आणि वरून पॅरापेटला किंवा पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याला तारेने बांधा. मे-जूनमधली आंधी हीच खरी परीक्षा. पानांनी भरलेली ताटी शिडासारखी वारा धरते, तेव्हा ती दोन्ही बाजूंनी ताणलेली हवी. ज्यांच्याकडे बांधायला आधार नाही त्यांनी दोन ताट्या वर एकत्र बांधून तंबूसारखा आकार करावा. तो सहसा पडत नाही आणि त्याच्या सावलीत उन्हाळ्यातही पालक, कोथिंबीर टिकते.

वेल कसा चढतो त्यावर आधार ठरतो. गिलकी, दोडका, दुधी, कारलं, काकडी, तोंडली यांना तणावे असतात, ते जाळी पकडतात. बालोर आणि वेलाची चवळी स्वतःच्या अंगाने वेढे घालत चढतात, त्यांना आडवी जाळी नको, वरून खाली सोडलेली जाड सुतळी द्या. मटाराचे तणावे इतके नाजूक की त्यांना काडी किंवा बारीक दोराच पकडता येतो. गुळगुळीत तारेवर सगळेच घसरतात, तारेला सुतळी गुंडाळून घ्या.

5. कुंडी, माती आणि इंदूरचं खत

दुधीला पन्नास लिटरपेक्षा लहान भांडं देऊ नका. गिलकी, दोडका, कारलं, काकडी यांना वीस ते पंचवीस लिटर, बालोर-चवळीला पंधरा चालेल. पाणी घातलेली वीस लिटरची कुंडी पंचवीस किलोच्या आसपास भरते, म्हणून गच्चीवर कुंड्या मधोमध न मांडता भिंतींच्या आणि खांबांच्या बाजूने ठेवा, खाली विटा घाला.

नुसती काळी माती कुंडीत भरली की ती थिजते, पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. एक भाग काळी माती, एक भाग मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग कंपोस्ट आणि कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड घ्या. राख आणि अंड्याची टरफलं जपून वापरा, माळव्याची माती मुळातच क्षारधर्मी आहे, त्यात आणखी भर नको.

कंपोस्टच्या बाबतीत आपण इंदूरकरांनी बाहेर शोधायची गरजच नाही. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, तेच पुढे आपलं कृषी महाविद्यालय झालं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी रीत बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. वनस्पतींचा कचरा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी उलथापालथ करून हवा खेळती ठेवायची, म्हणजे साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. घरी हेच छोट्या प्रमाणात करा. ओला कचरा आपल्या शहरात तसाही वेगळा ठेवला जातोच. गाडीत टाकण्याऐवजी भोकं पाडलेल्या ड्रममध्ये टाका, प्रत्येक थरावर तेवढाच सुका पाला आणि मूठभर माती, आठवड्यातून एकदा काठीने ढवळा. वास आला तर सुका पाला कमी पडलाय असं समजा.

6. बी लावणं

कारल्याचं कवच कडक असतं. टोकाला नेलकटरने हलकेच टवका काढा आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. दुधी, गिलकी, दोडका रात्रभर भिजवा, काकडीला चार-पाच तास पुरे. शक्यतो जिथे वाढवायचं तिथेच बी लावा, या वेलांना मुळं हललेली आवडत नाहीत. एका जागी दोन बिया, इंचभर खोल, आणि दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याचीही मुळं निघतात. जीव तुटतो, पण एका कुंडीत दोन दुधी म्हणजे दोन्ही उपाशी.

पहिली दोन पानं आली की लाल भुंगे येतात आणि दोन दिवसांत चाळण करून टाकतात. भल्या सकाळी ते गारठलेले असतात, सहज हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकता येतात. चार खरी पानं येईपर्यंत ही राखण करावीच लागते, किंवा रोपावर मच्छरदाणीचा तुकडा झाकून ठेवा.

7. वेलाला वळण

वेल फूटभर झाला की रोज एक मिनिट द्या. शेंडा जाळीत ओवू नका, वाढलेल्या फळाच्या वजनाने तिथेच देठ चिरतो. जाळीच्या एका बाजूला ठेवून साडीच्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. बांधण्याचं काम दुपारनंतर करा. सकाळी देठ पाण्याने भरलेला असतो आणि जरा वाकवला की कट्कन मोडतो. उन्हानंतर तोच लवचिक होतो.

जमिनीपासून दीड फुटापर्यंतचे बगलेचे फुटवे काढून टाका, खाली हवा खेळू द्या. मुख्य वेल ताटीच्या वरच्या टोकाला पोचला की शेंडा खुडा. दुधी आणि कारल्यात मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, शेंडा खुडल्यावरच त्या फांद्या जोर धरतात. लोक इथेच कचरतात आणि वेल ग्रिलवरून वरच्या मजल्यावर जातो. खुडा.

8. फुलं ओळखा

पहिले आठ-दहा दिवस फक्त नर फुलं येतात आणि गळतात, घाबरू नका. मग मादी दिसायला लागते. दुधीची मादी कळी जवळून बघा. फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा, मखमली लव असलेला हिरवा दुधी आधीच तयार असतो. नर फूल नुसत्या लांब बारीक देठावर असतं.

परागीकरण हाताने करायचं तर वेळ महत्त्वाची. दुधी आणि दोडका संध्याकाळी उमलतात, गिलकी, कारलं, काकडी सकाळी. दुधीसाठी दिवेलागणीला टॉर्च घेऊन जावं लागतं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. कारल्याची फुलं लहान, तिथे ब्रश बरा. साधलं असेल तर दोन-तीन दिवसांत छोटं फळ खाली झुकतं आणि गडद होतं. नसेल तर टोकाकडून पिवळं पडून सुकतं. सतत पावसाच्या दिवसांत मधमाश्या फिरत नाहीत, तेव्हा हे काम तुमचंच.

पानं भरघोस आणि फुलंच नाहीत असं झालं तर शेण-युरियासारखं पानं वाढवणारं खत बंद करा.

9. फळमाशी

पावसाळ्यातलं निम्मं नुकसान ही एकटी करू शकते. फळावर सुईच्या टोकाएवढा टोचा आणि तिथे पारदर्शक डिंकाचा थेंब दिसला की आत अंडी गेलेली असतात, फळ तिथे वाकडं होतं. फवारणीने आतली अळी मरत नाही.

उपाय तीन, तिन्ही एकत्र करा. एक, सापळा लावा. घेताना 'क्यू-ल्यूर' असं स्पष्ट सांगा. दुकानात आंबा-पेरूचा 'मिथाइल युजेनॉल' सापळा सहज हातात देतात, तो वेलभाज्यांच्या माशीवर चालत नाही. दोन, फळ बोटभर झालं की वर्तमानपत्राची दुहेरी नळी करून चढवा, वर स्टेपल, खाली उघडी. ताटी हाताच्या उंचीत ठेवायला सांगते ती यासाठीच, चौदा फुटांवरच्या कारल्याला कागद कोण बांधणार? तीन, किडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस कडक उन्हात ठेवा, मग कचऱ्यात.

भुरीसाठी आणि मावा-तुडतुड्यांसाठी लिटरला पाच मिली नीम तेल, थोडा द्रव साबण घालून, संध्याकाळी फवारा. भर उन्हात गंधक या वेलांवर मारू नका, पानं करपतात.

10. पाणी

जलूदहून चढून येणारं नर्मदेचं पाणी आपल्या बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड मिळतं. कुंडीतला वेल मे महिन्यात एक दिवससुद्धा कळ काढत नाही. म्हणून मोठ्या कुंडीच्या मध्यभागी न रंगवलेलं छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि ते भरून झाकून ठेवा. पाणी हळूहळू झिरपत राहतं. वरून सुक्या पानांचा तीन बोटं थर द्या. आरओचं टाकाऊ पाणी रोज घालू नका, त्यातले क्षार कुंडीत साठत जातात. पावसाळ्यात उलट काळजी : तळाची भोकं मोकळी आहेत ना, हे काडी घालून बघा.

11. तोडणी, आणि एक गंभीर सूचना

कोवळं तोडा. गिलकं आणि दोडका नखाने दाबल्यावर नख सहज रुतलं पाहिजे, दुधीवर लव असतानाच तो घ्या. एक जून फळ वेलावर राहिलं तर वेल नवी फळं धरणं कमी करतो.

दुधी, काकडी, दोडका किंवा गिलकं चिरताना टोकाचा कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर ते फळ टाकून द्या, शिजवूनही खाऊ नका. हा कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो ती विषारी असतात, आणि कडू दुधीचा रस प्यायल्याने लोकांना रक्ताच्या उलट्या झाल्या आहेत, जीवही गेले आहेत. घरात सकाळी दुधीचा रस घेणारं कुणी असेल तर हे त्यांना आजच सांगा.

12. हंगाम संपल्यावर

वेल ओढून काढू नका, जाळी फाटते. बुडाशी कापा, दोन-तीन दिवस सुकू द्या, मग काड्या आपोआप सुटतात. बालोर-चवळीची मुळं मातीतच राहू द्या. जाळी धुऊन, वाळवून सावलीत गुंडाळून ठेवली तर आणखी एक हंगाम निघतो. त्याच कुंडीत लगेच पुन्हा दुधी-काकडीच्या कुळातलं काही लावू नका, मटार किंवा मेथी घ्या.

देशी जातीचं बी धरायचं तर सुरुवातीच्या फळांपैकी एक चांगलं फळ राखून त्याला दोरा बांधा. संकरित बियाण्याचं धरू नका. कडू निघालेल्या वेलाचं तर अजिबातच नको. गिलकं वेलावरच वाळून तपकिरी झालं आणि हलवल्यावर आत खुळखुळलं की टोकाचं झाकण मोडा, बिया खाली ओतल्यासारख्या येतात, आणि उरलेली जाळी अंग घासायला होते. बिया कागदी पुडीत घाला, वर जात आणि महिना लिहा, डब्यात थोडा कडुनिंबाचा सुका पाला टाका.